पाहुण्यांच्या डब्यातले कार्ड

“तिच्या दारात बोट ठेवू नका रे, परत मिळायचं नाही,” असे बदलापूरच्या कात्रप भागातल्या प्रबुद्ध सोसायटीत मुलांना बजावले जाई. सांगणारी बाई हसत सांगे. पण तिसऱ्या मजल्यावरच्या ओव्हाळांची कडी वाजवून झाली की तीच बाई हात चटकन मागे घेई.

मैत्रेयी ओव्हाळ ही त्या घरातली एकुलती एक मुलगी. बेताच्या उंचीची, चष्मा लावणारी, जिन्यात कुणी भेटले तर मानेनेच ओळख देणारी. दिवसभर कॉम्प्युटरवर काम करायचे आणि संध्याकाळी येताना मेथीची जुडी घेऊन यायची, असा तिचा शिरस्ता. या मुलीने भरदुपारी एका धडधाकट पुरुषाची बोटे लोखंडी दारात चिरडली, तो ओरडत असताना दार उघडले नाही, आणि मग घोटभर पाणी पिऊन ती पुन्हा कामाला बसली, ही हकीकत प्रत्येक नव्या भाडेकरूच्या कानावर त्याचे सामान लागायच्या आत जाई. कुणी दोन बोटे सांगे, कुणी चारही. समोरच्या घरातल्या रखमाबाई सुस्कारा टाकून म्हणत, “पोरगी शिकली बाई, पण काळीज कुठं ठेवून आली कोण जाणे. माणूस गुरासारखा हंबरत होता म्हणे, आणि ही उभी!”

तो हंबरत होता, हे खरे. ती उभी होती, हेही खरे. त्याच्या आधी काय झाले, ते मात्र रखमाबाईंच्या सांगण्यात कधी येत नसे.

मैत्रेयीचे वडील सुदाम ओव्हाळ अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात यार्डावर ऑपरेटर होते. यार्ड म्हणजे कारखान्याच्या मागच्या अंगाला जाळीच्या कुंपणात रचून ठेवलेले, ठिणगी पडली तर पेट घेतील अशा द्रावकांचे ड्रम. बाहेर पेट्रोलच्या भेसळवाल्यांकडे त्या मालाला मोठी मागणी असे. म्हणून यार्डाला लोखंडी दार होते आणि ते मोजक्या माणसांच्या कार्डांनीच उघडे. ही कार्डे बनवणारी कंपनी उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पात, एका फर्निचरच्या दुकानाच्या माडीवर होती. मालक अर्जनदास सेठ, पाचसहा माणसे, खालून वर येणारा पॉलिशचा वास, आणि कार्डाच्या आत चालणारा सगळा प्रोग्राम लिहिणारी मैत्रेयी. दोन हजार पाच साली कारखान्यात ही कार्डे आली, तेव्हा सुदाम गळ्यातली फीत ओढून दाखवीत आणि म्हणत, “बघा, पोरीनं बापाच्या गळ्यात पट्टा घातला. आता भुंकायचंसुद्धा तिला विचारून.”

एकाच कार्डावर तीन कामे होती. फाटकावरची हजेरी, कॅन्टीनचे जेवण आणि दारांची परवानगी. कार्डाच्या आत त्यांचे वेगवेगळे कप्पे होते, आणि प्रत्येक कप्प्याची किल्ली वेगळी. मशीनने किल्ली दाखवल्याशिवाय कार्डाने कप्प्याला हात लावू द्यायचा नाही, हा नियम. कॅन्टीनचे मशीन जेवणाची नोंद दोन ठिकाणी करी, एक कॅन्टीनच्या कप्प्यात आणि एक दारांच्या. म्हणून त्याला किल्ल्याही दोन दाखवाव्या लागत, आणि प्रत्येक कार्डामागे माणूस क्षणभर खोळंबे.

जेवणाच्या सुट्टीत भुकेल्या माणसाला तो क्षणही भारी पडतो. पहिल्याच आठवड्यात खिडकीशी रेटारेटी झाली. कुणी तरी कुणाची आई काढली, आणि एका फिटरने पुढच्या माणसाच्या कानशिलावर आमटीचा डाव हाणला. डाव उकळत्या पातेल्यातून नुकताच निघालेला होता. त्या माणसाच्या कानाची कातडी डावाबरोबर निघून आली. त्याने मशीन उपटून फिटरच्या तोंडावर फेकले. दोन दात फरशीवर पडले, आणि भांडण सोडवायला गेलेल्यांनाही गुद्दे बसले.

“मशीन जलद करा, नाही तर उचलून न्या,” असा व्यवस्थापकांचा फोन आला. मैत्रेयीने एका दुपारीच तोड काढली. कॅन्टीनची किल्ली एकदा दाखवली की कार्डाने दुसऱ्या कप्प्यासाठी पुन्हा विचारायचे नाही. पुढे सवड काढून हे नीट करायचे, असे तिने स्वतःला बजावले होते. पण मशीन झपाट्याने चालू लागले, तक्रारी थांबल्या, आणि सवड राहून गेली.

कामगारांनी तेवढ्यात आपली एक रीत पाडली होती. प्रत्येक खात्यातला एक जण सगळ्यांची कार्डे गोळा करी, रबर लावून गठ्ठा बांधी आणि खिडकीशी नेऊन देई. बाकीचे हातपाय धुऊन थेट ताटावर बसत. खिडकीच्या आत कॅन्टीनचा कंत्राटदार धर्मेश असे. तो रुंद छातीचा, हसतमुख, दोन्ही हातांच्या बोटांत अंगठ्या घालणारा माणूस होता. पत्ते वाटावेत तशी तो कार्डे मशीनवर टाकी आणि उचली. सुदाम दिसले की, “काका, आज तुमच्यासाठी कडक भाकरी ठेवलीय, बदलापूरची सवय आहे ना तुम्हाला,” असे खिडकीतून ओरडे. सुदामही “दात आहेत तोवर चालेल” म्हणून हसत.

दुसऱ्या वर्षी मार्चमधल्या एका दुपारी, जेवणाची सुट्टी संपता संपता, यार्डाचा पहारेकरी कमळाकर ड्रमांच्या रांगेमागे पडलेला सापडला. त्याचे डोके मागून फुटले होते आणि तरीही तो हाताने माती उकरीत होता. उचलायला गेलेल्यांच्या बाह्या कोपरापर्यंत भिजल्या. दार उघडे होते. दाराच्या नोंदीत त्या वेळेला एकच नाव होते, सुदाम ओव्हाळ.

त्या वेळी सुदाम प्लांटच्या मागच्या नळावर एकटेच हातपाय धूत होते. ते फडक्याला हात पुशीत आले, तेव्हा फाटकाशी जमाव जमला होता. कुणी विचारले नाही, कुणी सांगितले नाही. पहिला ठोसा पोटात बसला. ते वाकले, तसा कुणी तरी गुडघा तोंडावर आणला. गळ्यातल्या फितीला धरून त्यांना फाटकापासून वजनकाट्यापर्यंत फरपटत नेले. ज्यांच्या पंक्तीला ते रोज बसत, त्यांच्याच सेफ्टी बुटांच्या लोखंडी टाचा त्यांच्या बरगड्यांवर पडत होत्या. एक जण नुसता रडत होता आणि मारत होता. तो कमळाकरचा चुलतभाऊ. पोलिसांची गाडी आली, तेव्हा सुदाम यांचा जबडा दोन ठिकाणी मोडला होता आणि डावा डोळा सुजून बंद झाला होता. फीत तुटली नव्हती. कार्ड गळ्यातच होते.

कमळाकर तिसऱ्या दिवशी गेला, आणि चोरीचे प्रकरण खुनाचे झाले.

उल्हासनगरच्या सरकारी रुग्णालयात सुदाम यांना ठेवले होते. जबडा तारेने बांधलेला, खाटेच्या पायथ्याशी हवालदार. मैत्रेयी आणि तिची आई सुंदराबाई पायऱ्या चढत होत्या, तेव्हा कमळाकरची बायको उमा समोरून आली. नवरा त्याच इमारतीत गेला होता, आणि प्रेत ताब्यात मिळायचे होते. तिने मैत्रेयीला ओळखले. पायरीशी पडलेला विटेचा तुकडा तिने उचलला आणि मैत्रेयीला मारला. भुवईच्या वर कातडी फाटली. चष्म्यावरून रक्त वाहिले. सुंदराबाई किंचाळत पुढे झाल्या, पण मैत्रेयीने आईचा दंड घट्ट धरून ठेवला. “असू दे, आई,” ती म्हणाली.

‘असू दे’ म्हणताना तिच्या मनात जे होते, ते उमाला कळले असते तर तिला वाटले असते, विटेची गरजच नव्हती. मैत्रेयीला त्या क्षणी खरोखरच वाटत होते की बापाने दार उघडले असावे.

कार्ड आपण लिहिले आहे. कार्डाची नक्कल होत नाही, असे अर्जनदास सेठने आपल्याच भरवशावर कारखान्याला लिहून दिले आहे. मग नोंदीत बाबांचे नाव आले कसे? कुणी धमकावले असेल, कुणी भुलवले असेल. पण दार त्यांच्याच कार्डाने उघडले. जी गोष्ट तिच्या जन्मभराच्या अभ्यासावर उभी होती, तिच्यावर संशय घेण्यापेक्षा बापावर घेणे तिला सोपे गेले. आई पाणी आणायला गेली, तेव्हा तिने वाकून हलक्या आवाजात विचारले, “बाबा, दार तुम्ही उघडलं होतं का?”

सुदाम यांनी एका डोळ्याने तिच्याकडे पाहिले. बोलता येत नव्हते. मान हलवता आली असती. त्यांनी ती हलवली नाही; भिंतीकडे तोंड केले.

बनूबाई आली ती त्यानंतरच्या सकाळी. ती चामटोली गावची, कॅन्टीनमध्ये भाकऱ्या थापणारी. कारखान्यातले कुणी फिरकत नसताना ती पेजेचा डबा घेऊन आली आणि हवालदाराला म्हणाली, “माज्या समोर पी हवं तर चमचाभर, इष नाय घातलं.” मग सुंदराबाईंजवळ टेकून तिने डोळे पुसले.

“ओवालभाऊ असा करनार नाय. पन मशीन नाव सांगतं, त्याला कोन काय करनार? मशीनीचा बी काय भरवसा! आमचे जनीनं बी येकदा यार्डाचा दार उघडला व्हता.”

मैत्रेयीने मान वर केली. “कोण जनी?”

“भांडी घासते ती. खरकटं टाकाया गेली, जरा टेकली दाराला, गल्यातलं कार्ड लागलं नि दार खटकन उघडलं. घाबरून पलत आली. धर्मेशनं कार्ड काढून घेतलं, दुसरं दिलं, नि म्हनला, बोलशील कुठं तर कामावरनं जाशील.”

“मावशी, हे कधी झालं?”

“दिवालीच्या आधी. का गो?”

मैत्रेयी उठली ती सरळ चार नंबर कॅम्पात गेली. भुवईवरची पट्टी तशीच होती. तिने कारखान्यातल्यासारखेच कॅन्टीनचे मशीन टेबलावर मांडले, दोन कार्डे घेतली, आणि धर्मेशसारखी भराभर टाकून पाहू लागली. मशीन पहिल्या कार्डाच्या दारांच्या कप्प्यातली माहिती वाचत होते, तीत जेवणाची वेळ घालत होते आणि तो सगळा कप्पा परत लिहीत होते. वाचून झाल्यावर आणि लिहायच्या आत कार्ड बदलले, तर पहिल्याची माहिती दुसऱ्यावर जाऊन बसणार. दुसऱ्या कार्डाने अशा वेळी आपली किल्ली मागायला हवी होती. पण मागू नकोस, असे तिनेच त्याला शिकवले होते. बऱ्याच खटपटीनंतर एकदा वेळ साधली. कोऱ्या कार्डाने स्वतःचे नाव अर्जनदास असल्याचे सांगितले आणि ऑफिसचे दार उघडले.

गठ्ठ्याने कार्डे देण्याच्या रिवाजातून जनीच्या कार्डावर हे चुकून घडले होते. धर्मेशला कप्पा, किल्ली यांतले काहीही कळायची गरज नव्हती. त्याला एवढेच कळले की दोन कार्डे पटकन अदलाबदल केली की एक माणूस दुसरा होतो.

अर्जनदास सेठने ते तीनदा करून दाखवायला लावले. मग तो खुर्चीत बसला, रुमालाने मान पुसू लागला आणि आपल्या सिंधी ढंगात म्हणाला,

“अडी मैत्रेयी, तू मला मारलंस. मी लिहून दिलंय, नक्कल होत नाही. आता जाऊन काय बोलू? होते? दोन मिनिटात होते?”

“तसंच बोलायचं, सेठ.”

“अजून तीन कारखाने आपलं कार्ड घेणार आहेत. एकही घेणार नाही. ही पाच पोरं घरी बसतील. तू बसशील.”

“बसेन.”

“आणि हे कुणी केलं विचारलं तर?”

“माझं नाव सांगा. मीच केलंय.”

“नाव सांग म्हणते!” सेठचा आवाज चढला. “धर्मेश कोण आहे ठाऊक आहे? एक माणूस मारला त्यानं. तुला सोडेल?”

“सेठ, माझा बाप न केलेल्या खुनासाठी बांधून पडलाय. मी त्याला विचारलं, तुम्हीच केलं का म्हणून. आता तुम्ही मला कशाची भीती घालता?”

 सेठने कमरेची किल्ली काढून लोखंडी कपाट उघडले. सगळ्या कार्डांचा प्रोग्राम बदलण्याचा अधिकार देणारे एक मूळ कार्ड त्यात होते. ते त्याने तिच्या हातावर ठेवले. “जा, नीट कर. मला बरोबर नेऊ नको. माझं बीपी आहे.” ती जिन्यापर्यंत गेली, तेव्हा तो मागून पुन्हा ओरडला, “आणि साईं, दार लावून बस तिथं!”

तिने प्रोग्राम दुरुस्त केला. एका कप्प्यातून दुसऱ्यात जाताना कार्डाने आधीची ओळख विसरायची आणि नवी किल्ली मागायची. मध्येच कार्ड बदलले तर मशीनने तिथेच थांबायचे. दुरुस्ती थोड्या ओळींची होती. अवघड होते ते ती प्रत्येक कार्डात घालणे. व्यवस्थापकांनी तिचे म्हणणे ऐकले, स्वतःच्या कार्डाची नक्कल होताना पाहिली, आणि त्यांचा चेहरा उतरला. पण ते म्हणाले, “असं होऊ शकतं, एवढंच यातून दिसतं. असंच झालं, हे पोलिसांना कशावरून पटेल?”

“ते दुसरं कार्ड सापडलं तर पटेल,” मैत्रेयी म्हणाली. “सगळी कार्डं माझ्या समोर येऊ द्या. आणि कारण कुणाला सांगू नका.”

कार्डांची मुदत वाढवायची आहे, असे फळ्यावर लागले. गठ्ठा चालणार नाही, ज्याने त्याने आपले कार्ड हातात घेऊन यायचे. टाइम ऑफिस म्हणजे फाटकाजवळची पूर्वीची कोठाराची खोली. जाड लोखंडी पत्र्याचे दार, आतून आडवा अडसर, एक खिडकी. खिडकीशी रांग लागली. मैत्रेयी एकेक कार्ड घेई, आत काय लिहिले आहे ते पडद्यावर पाही, दुरुस्ती चढवी आणि कार्ड परत देई.

माणसे तिला ओळखत होती. “बापाची वकिली करायला आली काय?” रांगेतून आवाज आला. दुसरा म्हणाला, “पट्टा बदलतेय, भाऊ. जुना पट्टा बापानं चावला.” हसण्याची लाट उठली. कुणी तरी चहाचा भरला ग्लास खिडकीच्या गजांवर फोडला. काच तिच्या मनगटात घुसली आणि चहा की-बोर्डावर सांडला. तिने मनगटाला रुमाल बांधला, की-बोर्ड उलटा करून झटकला आणि म्हणाली, “पुढचा.”

दुपारपर्यंत निम्मी कार्डे झाली. सगळ्यांत ज्याचे त्याचेच नाव होते. कॅन्टीनच्या माणसांचीही आली, धर्मेशचेसुद्धा. तो स्वतः आला, खिडकीत वाकला आणि म्हणाला, “मॅडम, काकांना बरं आहे ना? जबडा म्हणे गेला. आता कडक भाकरी कुणाला ठेवू?” तिने त्याचे कार्ड परत दिले. 

चहाच्या सुट्टीला रांग पांगली, तशी तिने खिडकी लावून घेतली. मग तिच्या लक्षात आले की बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांच्या जेवणासाठी कॅन्टीनमध्ये काही बिननावाची कार्डे असतात. ती यादीत कुणाच्याही नावासमोर नव्हती, म्हणून रांगेत येणारच नव्हती. तिने बनूबाईला निरोप धाडला. बनूबाई पदराआड बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा घेऊन आली. तो रोज पुसून फळीवर ठेवणे तिच्याकडेच होते.

“ह्यो डबा म्हनतीस ना? धर्मेश भट्टीकडं गेलाय तोवर आनला. लवकर बग.”

“आत या, मावशी.”

“नको. मी बाहीर उबी र्‍हाते. तू अडसर लाव.”

पहिल्या कार्डात काही नव्हते. दुसऱ्यातही नाही. तिसरे मशीनवर ठेवले आणि पडद्यावर दोन ओळी उमटल्या. कॅन्टीनच्या कप्प्यात: पाहुणा. दाराच्या कप्प्यात: सुदाम ओव्हाळ.

ती त्या नावाकडे पाहत राहिली. भिंतीकडे वळलेले तोंड तिच्या डोळ्यांसमोर आले. अडसर लावायचा राहिला होता.

बाहेर धर्मेशचा आवाज आला. “डबा कुठाय, थेरडे?” बनूबाई काही तरी म्हणाली; मग डोके दगडी उंबऱ्यावर आपटल्याचा आवाज झाला, आणि ती पुढे काही बोलली नाही. मैत्रेयीने झेप घेऊन दार लोटले. तेवढ्यात त्याचा उजवा हात फटीतून आत आला होता. त्याने दाराची कड पकडली आणि रेटा दिला. दार तिला घेऊन मागे सरकले. फटीतून त्याचा अर्धा चेहरा दिसला. हसू अजून पुसले गेले नव्हते. दुसऱ्या हातात भट्टी ढवळायचा लोखंडी गज होता.

“ए कॉम्प्युटरवाली, कार्ड दे. दे आणि घरी जा. कमळ्यालाही सांगितलं होतं मी, बाजूला हो म्हणून.”

गज फटीतून आला आणि तिच्या खांद्यावर बसला. हाड मोडल्यासारखे वाटले. तिने पाठ दाराला लावली, दोन्ही पाय समोरच्या लोखंडी टेबलाच्या पायाला टेकवले, आणि अंगातले सगळे बळ मागे लोटले. चौकटीला दाराची कड जाऊन भिडली. मध्ये त्याची बोटे होती, अंगठ्यांसकट. प्रथम सुकी फांदी मोडावी तसा आवाज झाला, आणि मग तो ओरडला.

गज बाहेर पडला. तो लाथा मारीत होता, शिव्या देत होता. मग शिव्या संपल्या. “उघड! पाया पडतो, उघड! हात गेला माझा!” चौकटीवरून रक्ताचा ओघळ तिच्या कुडत्यावर उतरला. उजव्या हाताची मूठ तिने छातीशी धरली होती. त्या मुठीत कार्ड होते. डाव्या हाताने तिने फोन ओढला आणि व्यवस्थापकांना म्हणाली, “कार्ड सापडलंय. माणूसही. लवकर या. बनूबाईंना दवाखान्यात न्यायला गाडी पाठवा.” फोन ठेवून ती तशीच उभी राहिली. दार जरा सैल केले की तो आत येणार, आणि कार्ड गेले की बाबांचे नाव कायमचे त्या खुनाला चिकटणार, हे तिला स्वच्छ दिसत होते. दुसरे काही दिसत नव्हते.

पळत येणाऱ्या बुटांचे आवाज आले. “मॅडम, दार उघडा!” व्यवस्थापक बाहेरून ओरडले.

“आधी त्याला धरा.”

“अहो, बोटं तुटतायत त्याची!”

“धरलंत का?”

“धरलं.”

मग तिने पाय सोडले. धर्मेश पहारेकऱ्यांच्या अंगावर कोसळला. दोन बोटे नुसत्या कातडीवर लोंबत होती. एक अंगठी उंबऱ्याशी पडली होती. बनूबाईच्या डोक्याला टाके पडणार होते, पण ती शुद्धीवर आली होती आणि धर्मेशच्या सात पिढ्यांचा उद्धार करीत होती.

मैत्रेयीने व्यवस्थापकांना ते कार्ड दाखवले, पोलीस येईपर्यंत त्यांच्या देखत ते पाकिटात बंद करवले. मग ती तांब्यातले पाणी प्यायली. खांदा उचलत नव्हता, म्हणून तिने की-बोर्ड डाव्या हाताकडे ओढला आणि खिडकी उघडली. निम्म्या कामगारांची कार्डे अजून कुणालाही आत घेण्याइतकी मोकळी होती. बाहेर रांग पुन्हा लागली होती. सकाळी पट्ट्याचा विनोद करणारा सगळ्यांत पुढे उभा होता. त्याने कार्ड दोन्ही हातांनी पुढे केले.

“पुढचा,” ती म्हणाली.

धर्मेशच्या म्हशींच्या गोठ्यात ड्रम मिळाले. म्हशींसाठी कॅन्टीनचे खरकटे नेणाऱ्या टेंपोतून तो महिनोन्‌महिने ते नेत होता, आणि त्या दुपारी कमळाकर आडवा आला होता. भट्टीच्या गजावर धुऊनही राहिलेले रक्त कमळाकरचे निघाले. सुदाम सुटले. जबडा मात्र जुळताना वाकडा जुळला. त्यांना बोललेले कळायला नव्या माणसाला वेळ लागे. कामावर परत जायच्या सकाळी ते मुलीसमोर येऊन उभे राहिले आणि नवे कार्ड पुढे केले. तिच्या त्या प्रश्नाबद्दल ते तोवर एक अक्षर बोलले नव्हते, पुढेही बोलले नाहीत. “पट्टा नीट बसव गं,” एवढेच म्हणाले आणि मान खाली केली. मैत्रेयीने फीत अडकवली आणि कार्ड त्यांच्या छातीवर सरळ केले. 

पावसाळ्याआधी एकदा उमा आली होती. चहा घेतला, सुंदराबाईंशी बोलली. निघताना मैत्रेयीच्या भुवईवरची खूण पाहून म्हणाली, “जोरात लागलं होतं का गं?”

“हो.”

“मला वाटलंच,” उमा म्हणाली, आणि जिना उतरून गेली.

अर्जनदास सेठच्या कंपनीतली दोन पोरे सोडून गेली, पण कंपनी बुडाली नाही. मैत्रेयी तिथेच राहिली. सोसायटीत तिच्या दाराचा विनोदही राहिला. एका संध्याकाळी ती मेथीची जुडी घेऊन जिना चढत असताना रखमाबाईंनी तिला मधल्या मजल्यावर गाठले.

“मैत्रेयी, एक विचारू? रागावू नकोस. लोक काहीबाही बोलतात. तो एवढा ओरडत होता, रक्त वाहत होतं, तेव्हा दार जरा सैल सोडावं असं तुला वाटलंच नाही? बाईमाणसाच्या जातीला एवढा कठोरपणा बरा का गं?”

मैत्रेयीने जुडी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

“दार मला बंदच करायचं होतं, काकू. हात त्यानं घातला.”